बुटकं दार

शुगर लँड, टेक्सस
९ मार्च १९८६

प्रिय प्रल्हाद,

सप्रेम जय भीम.

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंसुलटं करशील, हे मला इथे बसून दिसतंय. जिवंत आहे बाबा. तेलाचा भाव पार तळाला गेलाय आणि आमच्या कंपनीत दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं होतं. माझं अजून भरलेलं आहे. रत्ना बरी आहे.

शैलेन जानेवारीपासून घरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतली नोकरी सोडून आलाय. त्याच्या रक्तात काहीतरी दोष निघालाय, तपासण्या चालू आहेत. त्याबद्दल तू विचारू नकोस. विचारलंस तरी मी लिहिणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझं काम वेगळं आहे. पोरगा दिवसभर खोलीत पडून असतो. टीव्ही नको, गाणी नकोत, वाचलं की डोळे दुखतात. आर्किटेक्ट झाला म्हणून जुन्या इमारतींचं वेड मात्र आहे. परवा सहज तुझा विषय निघाला. म्हटलं, हॉस्टेलवर माझ्याबरोबर एका ताटात जेवणारा प्रल्हादकाका आता फ्रान्समधल्या एका खेड्यात जुन्या चर्चच्या किल्ल्या सांभाळतो. तर उठूनच बसला. किती जुनं? कुठल्या शतकातलं? छप्पर कसलं? मला काय ठाऊक! मला तुझं ते ताट आठवतं, पत्र्याचं, कड वाकलेली, आणि ताट तुझं म्हणून तू नेहमी मोठा घास घ्यायचास.

तर तू त्या गावाबद्दल लिही. पाल्हाळ लाव, तुला ते जमतं. मराठी त्याला वाचता येत नाही, पण मी वाचून इंग्लिशमध्ये सांगीन. आमच्या दोघांमध्ये बोलायला तेवढाच एक विषय होईल.

तुझा
पंडित


बिदोरां, फ्रान्स
२ एप्रिल १९८६

प्रिय पंडित,

जय भीम. आणि चिरंजीव शैलेनला अनेक आशीर्वाद. काय झालंय ते विचारत नाही. ऐकतो तुझं.

तर बाळ शैलेन, ऐक. आमचं बिदोरां म्हणजे एकशे चाळीस माणसं, एक बेकरी, एक ओढा आणि त्यावरचा एक दगडी पूल. मागे पिरेनीजचे डोंगर. हजार वर्षांपासून इथून स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थाला पायी जाणाऱ्यांची वाट जाते. पूर्वी म्हणे हजारो जायचे. आता वर्षाला पन्नास-साठ येतात, पाठीवर पिशवी आणि पिशवीला यात्रेची खूण म्हणून लटकवलेला एक शिंपला. शाळेतलं शिकवणं संपलं की मी किल्ली घेऊन चर्च उघडतो, त्यांच्या वहीवर शिक्का मारतो, आणि ओदील त्यांच्या पायांचे फोड बघते. नर्सशी लग्न केल्याचे हे फायदे. देव नदीत सोडून आलेला माणूस इथे देवाच्या दाराशी पहारा देतो, म्हणून तुझा बाप हसला असेल. हसू दे.

पण खरी गंमत पुढे आहे. चर्चला दोन दारं आहेत. एक मोठं, कोरीवकाम केलेलं, सगळे फोटो काढतात ते. दुसरं उजव्या भिंतीत, बुटकं, बुजवलेलं. कुणी बघत नाही. मीही पाच वर्षं बघितलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने सांगितलं, ते कागोंचं दार.

पंडित, इथेही आपले लोक होते रे! कागो. धर्म तोच, भाषा तीच, रंगही तोच. पण राहायचं ओढ्यापलीकडे. धंदा फक्त सुतारकामाचा. पुलावर अनवाणी चालायचं नाही, दगड बाटतो. छातीवर लाल कापडाचा बदकाचा पाय शिवायचा, म्हणजे लांबूनच ओळखू यावं. चर्चमध्ये शिरायचं ते त्या बुटक्या दाराने, हात बुडवायचे ते पवित्र पाण्याच्या वेगळ्या कुंडात, आणि पाद्री प्रसाद द्यायचा तो लांब दांड्याच्या लाकडी चमच्याने. आणि ज्या छपराखाली हे सगळं चालायचं ते छप्पर त्यांनीच बांधलेलं! का म्हणून हे सगळं, तर कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणे महारोग्यांची औलाद. त्यांच्या रक्तातच दोष, असं लोक सांगत.

पुढे इथे क्रांती झाली, कायद्याने सगळे सारखे झाले. मग गावाने काय केलं? दार बुजवून टाकलं. आज त्यांची नातवंडं-पतवंडं गावातच असणार, पण कोण ते कुणी सांगत नाही.

ओदीलला मी हे दार दाखवलं तेव्हा ती म्हणाली, तुमच्याकडेही असं काही होतं ना? म्हटलं, हो, ऐकलंय. आणि कॉफी करायला उठलो.

तुझा
प्रल्हाद


शुगर लँड
३० मे १९८६

प्रिय प्रल्हाद,

जय भीम. तुझं पत्र वाचून दाखवलं. एक वाक्य गाळलं, रक्ताचं. तुझा दोष नाही, तुला काय माहीत.

पण पोराला लागलं ना वेड! मोठं दार त्याला नकोच आहे. बुटकं किती बुटकं? किती रुंद? चौकट दगडी की लाकडी? म्हणतो, मी त्याचं ड्रॉइंग करणार. आणि एक प्रश्न विचारला, तो जसाच्या तसा लिहितो: "डॅड, मेल्यावर त्यांना कुठल्या दाराने नेत?" मी म्हटलं, काकाला विचारतो. तेव्हा मापं पाठव आणि याचंही उत्तर दे.

इथे उन्हाळा सुरू झालाय. बाहेर पाऊल टाकलं की ओलं फडकं तोंडावर मारल्यासारखं होतं. यंदा बुद्धजयंती आमच्याकडे कॅन्सल केली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ह्यूस्टनमधली आपली बारा घरं दरवर्षी इथेच जमायची, रत्नाच्या हातची खीर व्हायची. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं की शैलेनला विश्रांती हवी. कुणी खोदून विचारलं नाही. सगळे फार समजूतदारपणे ठीक आहे म्हणाले, आणि त्या समजूतदारपणाचीच मला धास्ती वाटली.

त्याचं ताट-वाटी, कप, टॉवेल आम्ही वेगळे ठेवलेत. डॉक्टरांनीच सांगितलंय. त्याची शक्ती कमी झालीय ना, आपलं इन्फेक्शन त्याला व्हायला नको, म्हणून. त्याच्याच भल्यासाठी. तुला आपलं सांगून ठेवलं.

तुझा
पंडित


बिदोरां
२१ जून १९८६

प्रिय पंडित,

जय भीम. आधी मापं. उंची एक मीटर बत्तीस, म्हणजे चार फूट चार इंच. रुंदी चौसष्ट सेंटिमीटर, दोन फूट एक इंच. चौकट दगडी, वरचा दगड एकसंध. मोजताना मी गुडघ्यावर बसलो होतो आणि बेकरीवाली बाई लांबून बघत होती.

शैलेनच्या प्रश्नाचं उत्तर: त्याच दाराने. म्हातारा म्हणाला, पेटी सरळ जायची नाही, तिरपी करावी लागायची. पुरायची जागाही वेगळी, ओढ्यापलीकडे.

आता तुझ्याशी बोलतो. हा भाग वाचून दाखवू नकोस, किंवा दाखव, तुझं तू ठरव.

तुझी दोन्ही पत्रं मी ओदीलला सांगितली. ती म्हणाली, मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत होता ना? सव्वीस-सत्तावीस वर्षांचा? तिने रोगाचं नाव घेतलं. एड्स. म्हणाली, तुझ्या मित्राला सांग की तो कपाने होत नाही. ताटाने होत नाही. हात धरल्याने, मिठी मारल्याने, डोकं चेपल्याने होत नाही. आणि कुठलाही डॉक्टर ताट वेगळं करायला सांगणार नाही. सांगितलं असेल तर त्याला माझ्याशी बोलायला लाव, असंही म्हणाली. तिचा राग तुला ठाऊक नाही.

पंडित, ती चुकत असेल तर मला शिव्या दे. पण चुकत नसेल तर तू ते ताट वेगळं ठेवू नकोस रे. तू आणि मी तरी ठेवू नये.

तुझा
प्रल्हाद


शुगर लँड
७ सप्टेंबर १९८६

प्रल्हाद,

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. रागावलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी बसून, पायांचे फोड बघत, दुसऱ्याच्या घराला शहाणपण शिकवायला काय जातं? असं पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं.

तुझ्या ओदीलने बरोबर ओळखलं. आणि डॉक्टरांनी ताट वेगळं ठेवा असं कधीच सांगितलं नव्हतं. उलट, काही गरज नाही, असंच ते म्हणाले. मी तुला खोटं लिहिलं.

शैलेन घरी आला त्या आठवड्यातली गोष्ट. मी डिशवॉशर रिकामा करत होतो. एक निळा, आरपार दिसणारा प्लास्टिकचा कप हाताला लागला, त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. तसाच ठिपका एका ताटाखाली, एका चमच्यावर. रत्नाने लावला होता, मिसळू नये म्हणून. ती ओट्यापाशी उभी होती. माझ्याकडे बघत होती, की हा आता काय म्हणतो. प्रल्हाद, ही बाई सहा वर्षांची असताना तहान लागली म्हणून विहिरीपाशी दोन तास उभी राहिली होती, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. मला शाळेत मास्तर ओंजळीत पाणी सोडायचे ते दोन हात उंचावरून, शर्ट भिजायचा, आणि घरी आई विचारायची, काहून रे भिजला? आम्हा दोघांना ठिपका म्हणजे काय ते जगातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त कळतं.

मी काही बोललो नाही. कप फडताळात वेगळा ठेवला. का बोललो नाही, तर मला हायसं वाटलं. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.

शैलेनला माहीत आहे. त्याचा कप तोच धुतो, उभं राहवत नसलं तरी सिंकला टेकून धुतो आणि ठिपका वर येईल असा पालथा ठेवतो. आम्हाला शोधावा लागू नये म्हणून.

तुझं जूनचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. फक्त मापं आणि पेटीचं सांगितलं. तो म्हणाला, "डॅड, चार आकड्यांसाठी पत्र बरंच मोठं आहे."

ऑगस्टमध्ये त्याचा मित्र ग्रेग दोन दिवस येऊन गेला. कॅलिफोर्नियात दोघं एकत्र राहायचे. किती वर्षं, कसे, ते मी विचारलेलं नाही, आणि आता विचारायची गरजही उरली नाही. शैलेनने अर्धं सँडविच खाऊन ठेवलं, ते ग्रेगने उचललं आणि गप्पा मारता मारता खाऊन टाकलं. रत्ना स्वयंपाकघरात निघून गेली. मी टीव्हीकडे बघत बसलो, टीव्ही बंद होता.

ड्रॉइंग चालू आहे. दिवसाला चार-पाच रेघा होतात.

पंडित


बिदोरां
१४ ऑक्टोबर १९८६

प्रिय पंडित,

जय भीम. आज तारीख बघ. तीस वर्षं झाली. नागपूरच्या त्या मैदानात आपण दोघं पांढऱ्या सदऱ्यात उभे होतो, सदरे भाड्याच्या सायकलवरून येताना धुळीने माखले होते, आणि तू रडत होतास. मी तुला चिडवलं होतं. मीही रडत होतो.

मी तुला काही म्हणणार नाही. म्हणायला मी कोण. फक्त एक काम सांगतो. त्या निळ्या कपात पाणी भर, त्याच्यासमोर बस, आणि एक घोट पी. बोलू नकोस, समजावू नकोस, माफी मागू नकोस. आपल्या बापजाद्यांनी महाडला जाऊन पाणी प्यायलं ते तहान लागली म्हणून नव्हे, हे तू मला हॉस्टेलवर शंभर वेळा ऐकवलंयस. मग एक घोट, पंडित. जास्त नाही.

आणि शैलेनला एक बातमी सांग. मी मेयरकडे गेलो होतो. म्हटलं, ते दार उघडायला हवं. आधी आढेवेढे घेतले, मग हो म्हणाला. वसंतात, वाटसरू यायला लागायच्या आधी, भिंतीतले दगड काढायचे. शैलेनच्या ड्रॉइंगवरूनच काढायचे, असं मी ठरवलंय. त्याला म्हणावं, पूर्ण कर आणि घेऊन ये. ओदील खोली तयार ठेवते.

तुझा
प्रल्हाद


शुगर लँड
११ जानेवारी १९८७

प्रिय प्रल्हाद,

शैलेन २३ नोव्हेंबरला गेला. रविवार होता. तुला कळवायला उशीर झाला, कारण त्याबरोबर बाकीचंही लिहावं लागणार होतं.

तुझं पत्र ऑक्टोबरच्या शेवटी आलं. या वेळी मी सगळं वाचून दाखवलं, फक्त घोटाचा परिच्छेद सोडून. दार उघडणार म्हटल्यावर तो इतका हसला की खोकला थांबेना. मग रोज विचारायचा, वरच्या दगडाला टेकू कसला देणार? मेयरला कळतं का काही? रत्नाने कपाटातून त्याचा हिवाळी कोट काढून गॅलरीत उन्हाला घातला. डॉक्टरांनी तोवर आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. तरी तिने कोट उन्हाला घातला. महिनाभर आमचं घर त्या दारावर जगलं. तुझे उपकार आहेत.

घोटाचा परिच्छेद मी रोज वाचायचो, ऑफिसमध्ये. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. रोज ठरवायचो, आज. घरी येताना फ्रीवेवर चाळीस मिनिटं मनाची तयारी व्हायची आणि गॅरेजचं दार वर गेलं की संपायची.

शेवटी शनिवारी, जायच्या आदल्या दिवशी दुपारी, मी कप भरला. त्याच्या पलंगावर बसलो. त्याला उशी देऊन दोन घोट पाजले. मग तो कप मी माझ्या तोंडाला लावला.

प्रल्हाद, मी प्यायलो नाही. ओठ मिटलेलेच होते. कप वर केला, गळा हलवला आणि खाली ठेवला. सगळं वाचलेलं होतं, डॉक्टरांनी, ओदीलने, सगळ्यांनी सांगितलेलं पटलेलंही होतं. ओठ उघडले नाहीत.

तो माझ्याकडे बघत होता. पाण्याची पातळी त्याला दिसत होती, आर्किटेक्ट होता तो. म्हणाला, "थँक यू, डॅड." मग डोळे मिटले. त्याने मला ते करू दिलं, रे. मला लाज वाटू नये म्हणून पटल्यासारखं दाखवलं.

पुढचं थोडक्यात. पहिल्या फ्युनरल होमने नाही म्हटलं. दुसऱ्याने हो म्हटलं, पण पुढच्या दाराने नको म्हणाले, मागून आणा, जिथे गाड्यांतला माल उतरवतात तिथून. पेटी तिरपी करावी लागली नाही, एवढाच फरक. बारा घरांपैकी दोन घरची माणसं आली. बाकीच्यांनी फुलं पाठवली. भंतेजींना यायला जमलं नाही, त्रिशरण मीच म्हटलं. ग्रेगला शब्द येत नव्हते, तो नुसता रत्नाचा हात धरून उभा होता. तिने हात काढून घेतला नाही.

रत्ना आता नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन भांडी घासत बसते. ठिपके कधीच गेलेत. तरी घासते. त्या निळ्या कपातून मी रोज पाणी पितो. काही होत नाही. होणार नव्हतंच.

सोबत ड्रॉइंग आहे. त्याने पूर्ण केलंय. शेजारी माप कळावं म्हणून माणूस काढतात तसा एक माणूस काढलाय. चष्मा, टक्कल, पोट, सगळं माझं. दारात वाकून उभा आहे. आत चाललाय की बाहेर येतोय ते मला समजत नाही. दगड काढायला लागाल तेव्हा उपयोगी पडेल. त्या दिवशी मला कळव, मी आणि रत्ना येऊ. आता आम्हाला त्या एका तारखेशिवाय कशाचीच वाट बघायची नाही.

तुझा
पंडित


बिदोरां
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय पंडित,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय.

तू येऊ नकोस. दार उघडणार नाही. मी मेयरकडे गेलोच नव्हतो.

जायला निघालो होतो, त्याच्या दारापर्यंत पोचलोही होतो. मग वाटलं, तो विचारेल, महाशय, तुम्हाला या दाराचं एवढं काय? तुम्ही तर भारतातले. मग काय सांगायचं? वीस वर्षं या गावात मी नुसता भारतातला आहे. हुशार भारतीय मास्तर, बस. मी कोण, कुठल्या वस्तीतला, हे इथे कुणाला ठाऊक नाही. ओदीललासुद्धा नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि तिला मी आजवर हेच सांगत आलोय की तसल्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. मेयरच्या दारातून परत आलो आणि घरी बसून तुला महाडच्या गोष्टी लिहिल्या. शैलेनला बरं वाटेल म्हणून थाप मारली, असं म्हणता येईल. तसं नाही. मला तुझ्यापुढे मोठं व्हायचं होतं.

तू ओठ उघडले नाहीस. मी तर तोंडच उघडलं नाही.

तुझं दुःख ओदीलला सांगितलं तेव्हा ती रडली आणि म्हणाली, तुझ्या मित्राला एवढी भीती का वाटली असेल? तिला सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, कुणास ठाऊक.

आज सकाळी ड्रॉइंग घेऊन चर्चपाशी गेलो. धुकं होतं, कुणी नव्हतं. टेप लावून पुन्हा मोजलं. चार फूट चार, दोन फूट एक. शैलेनचा एक दगडही चुकलेला नाही. दाराची आतली बाजूही त्याने काढलीय, जी दार बुजल्यापासून कुणी पाहिलेली नाही. तिथे कुंड काढलंय आणि त्यात पाणी दाखवलंय.

मी थोडा वेळ बुजवलेल्या दगडांवर हात ठेवून उभा राहिलो. मग बेकरीवाली बाई दुकान उघडायला आली, तशी मी टेप खिशात घातली आणि मोठ्या दाराकडे जाऊन कुलूप काढलं.

तुझा
प्रल्हाद